व्यक्ती तितक्या प्रकृती : बॉस्टनच्या एका संघाची कथा

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी बहुधा तक्रारीच्या सुरात येते. एकत्र कुटुंबात कुरबुर झाली, गणेशोत्सवाच्या मंडळात दोन तट पडले किंवा एखाद्या समितीची बैठक निर्णयावाचून उठली, की कोणीतरी सुस्कारा टाकून ही म्हण उच्चारतो आणि विषय तेथेच संपतो. माणसांचे भिन्न स्वभाव हे सामुदायिक कार्यातले एक अटळ विघ्नच होय, अशी आपली धारणा झालेली आहे. सर्वांना एका साच्यात बसवणे म्हणजे शिस्त, हा समजही तिच्याच पोटी जन्मलेला आहे. या धारणेची परीक्षा पाहावयाची असेल, तर क्रीडेच्या इतिहासातील एक उदाहरण फार उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या ‘सेल्टिक्स’ या बास्केटबॉल संघाने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा वेळा त्या देशाचे व्यावसायिक अजिंक्यपद मिळवले. त्यांपैकी आठ अजिंक्यपदे १९५९ पासून १९६६ पर्यंत सलग होती. एवढा पराक्रम करणाऱ्या या संघातील माणसे मात्र एकमेकांसारखी मुळीच नव्हती.

बास्केटबॉल हा खेळ मुळातच माणसाचा स्वभाव उघडा पाडणारा आहे. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेतील जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून तो रचला. सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून आणि तेरा नियम लिहून त्याने प्रारंभ केला. याच शाळेत शिकलेल्या हॅरी क्रो बक याने पुढे १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली, आणि भारतात हा खेळ रुजण्यास तिचे मोठे साहाय्य झाले. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज तासन् तास तंबूत बसू शकतो. कबड्डीत चढाईला जाणारा एकटाच जातो. बास्केटबॉलमध्ये मात्र ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद एवढ्या जागेत पाचही जणांना क्षणाक्षणाला एकत्र धावावे लागते; चढाईही पाचांनी करावयाची आणि बचावही पाचांनीच. शिवाय १९५४ पासून अमेरिकेच्या व्यावसायिक सामन्यांत चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांच्या आत टोपलीकडे फेकलाच पाहिजे असा नियम झाला. विचार करावयास वेळ नाही म्हटल्यावर माणूस आपल्या मूळ वृत्तीनुसार वागतो. कोण चेंडूला हपापलेला आहे, कोणाला तो दुसऱ्यास देण्यात आनंद वाटतो, कोण अपयशाने खचतो आणि कोण चिडून दुप्पट धावतो, हे पाच मिनिटांत प्रेक्षकांच्याही ध्यानात येते.

सेल्टिक्स संघ १९४६ साली स्थापन झाला. त्याचा मालक वॉल्टर ब्राऊन हा दिलदार, शीघ्रकोपी आणि तितक्याच लवकर क्षमा मागणारा गृहस्थ होता. प्रारंभीची वर्षे तोट्यात गेली. १९५० साली त्याने रेड आवरबॅक याला प्रशिक्षक नेमले, आणि संघाचे दैव पालटावयास आरंभ झाला. आवरबॅक हा न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेला, रशियातून आलेल्या ज्यू निर्वासिताचा मुलगा. पंचांशी भांडणे, प्रतिस्पर्ध्याला चिथावणे आणि विजय निश्चित दिसताच सामना चालू असतानाच सिगार पेटवणे, या त्याच्या सवयींमुळे इतर शहरांत त्याच्याविषयी तिटकाराच होता. परंतु या उर्मट मुद्रेमागे माणसांची नेमकी पारख होती. त्याच वर्षी ब्राऊन आणि आवरबॅक यांनी चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड केली. वार्षिक निवडीत एखाद्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव घेण्याची एन. बी. ए. च्या इतिहासातील ती पहिली वेळ होती.

पारखी आवरबॅकचीही एक निवड मात्र चुकता चुकता राहिली. जवळच्याच वूस्टर गावी ‘होली क्रॉस’ महाविद्यालयात शिकलेला बॉब कूझी हा १९५० साली बॉस्टनचा लाडका खेळाडू होता. पाठीमागून चेंडू देणे, एकीकडे पाहत दुसरीकडे फेकणे, असले त्याचे चाळे आवरबॅकला पसंत नव्हते. त्याला उंच खेळाडू हवा होता, म्हणून त्याने कूझीला वगळले. कूझी दुसऱ्या संघाकडे, तेथून शिकागोकडे गेला. तो संघ मोडला, तेव्हा उरलेल्या तीन खेळाडूंची नावे टोपीत टाकण्यात आली, आणि ब्राऊनच्या हाती कूझीच्या नावाची चिठ्ठी लागली. ज्याच्यावाचून पुढची तेरा वर्षे संघाचे पान हलले नाही, तो माणूस असा चिठ्ठीने आलेला होता.

कूझी हा फ्रेंच आईबापांचा मुलगा. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हते. लहानपणी झाडावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हा तो डाव्या हाताने खेळावयास शिकला, आणि मोडलेल्या हातातून पुढे दोन हातांची कला निर्माण झाली. १९५३ ते १९६० असे ओळीने आठ हंगाम, सोबत्याच्या हाती चेंडू देऊन गुण मिळवून देण्यात त्याचा क्रमांक पहिला होता. त्याच्या खेळात रंजन होते, परंतु स्वभावात अतिशय तगमग होती. महत्त्वाच्या सामन्यापूर्वी तो खोलीत कोंडून घेऊन, कोणाशी न बोलता प्रतिस्पर्ध्याचाच विचार करीत बसे. जिंकण्याच्या या वेडाची चिकित्सा करणारे पुस्तकच त्याने १९७५ साली लिहिले. प्रेक्षकांना दिसणारी सहजता इतक्या अस्वस्थ मनातून येत होती.

त्याचा जोडीदार बिल शारमन याच्या उलट प्रकृतीचा, नेमस्त आणि टापटिपीचा. सामन्याच्या दिवशी इतर मंडळी झोपून उठण्यापूर्वी तो एकटाच व्यायामशाळेत जाऊन चेंडू फेकण्याचा सराव करी. आहार, व्यायाम, विश्रांती यांच्या वेळा ठरलेल्या. या नियमाचे फळ आकड्यांत दिसते: १९५८-५९ च्या हंगामात त्याचे १०० पैकी ९३ हून अधिक फ्री थ्रो अचूक पडले. पुढे १९७१-७२ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या ‘लेकर्स’ संघाचा प्रशिक्षक झाला आणि आपली सकाळच्या सरावाची सवय त्याने सबंध संघाला लावली. त्या संघाने सलग ३३ सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले, आणि मग ती प्रथा इतर संघांनीही उचलली. एका माणसाचा खाजगी नेम अशा रीतीने सर्वांची रीत झाला.

टॉम हाइनसनची तऱ्हा आणखी वेगळी. तो चित्रकार होता, धूम्रपानाचा शौकीन होता, विनोदी होता. आणि चेंडू हाती आला की तो टोपलीकडे फेकल्यावाचून त्याला राहवत नसे. सोबती त्यावरून त्याची थट्टा करीत आणि तो ती हसून घेई. त्याच्याबरोबर जिम लॉस्कटॉफ हा आडदांड गडी होता. प्रतिस्पर्ध्याने कूझीला धक्का दिला, तर त्याचा हिशेब चुकता करणे हे अलिखित काम त्याच्याकडे असे. पुढे त्याच्या सन्मानार्थ त्याचा १८ क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवण्याचे ठरवले, तेव्हा आपला क्रमांक दुसऱ्या कोणाला वापरू द्यावा असे त्यानेच सुचवले. बाह्यतः सर्वांत रांगडा दिसणारा माणूस मानाच्या बाबतीत इतका निरिच्छ होता.

तरीही १९५६ पर्यंत या संघाला अजिंक्यपद लाभले नव्हते. गुण पुष्कळ होत, पण प्रतिपक्षाला थोपवणारा कोणी नव्हता. ती उणीव बिल रसेलने भरून काढली. त्याच्यासाठी आवरबॅकने एड मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू सेंट लुइसच्या ‘हॉक्स’ संघाला देऊन टाकले. रसेलचा जन्म १९३४ साली लुइझियाना राज्यातील मन्रो गावी झाला. तेथील वर्णद्वेषाचे चटके या कुटुंबाने सोसलेले होते. एकदा त्याच्या आईने चांगला पोशाख केला, तर ‘हा गोऱ्या बायकांचा पोशाख आहे’ म्हणून पोलिसाने तिला दरडावले होते. तो आठनऊ वर्षांचा असताना हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला गेले. बारा वर्षांचा असताना आई वारली. हा एकलकोंडा मुलगा सार्वजनिक ग्रंथालयात वाचत बसे. मोठेपणी तो अभिमानी, अबोल आणि परक्यांशी तुटक वागणारा झाला. तो स्वाक्षऱ्या देत नसे. परंतु सोबत्यांत त्याचे गडगडाटी हास्य प्रसिद्ध होते. आणि सामन्यापूर्वी ताणामुळे त्याला हटकून ओकारी होई. तो आवाज कानी पडला की बाकीचे निश्चिंत होत, कारण आज रसेल मनापासून खेळणार याची ती खूण होती.

बचाव करणाराने पाय जमिनीवर घट्ट ठेवावेत, ही त्या काळची शिकवण. रसेलने उंच उडी मारून फेक हवेतच अडवावयास प्रारंभ केला. त्यातही विशेष असा, की टाळ्या मिळवण्यासाठी तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावीत नसे. हलकेच वळवून सोबत्याकडे ढकली. त्याने अडवलेला चेंडू कूझीकडे जाई, कूझीची नजर पुढे धावणाऱ्या शारमन किंवा हाइनसनकडे वळे आणि तीनचार सेकंदांत समोरच्या टोपलीत गुण होई. अभिमानी माणसाची निःस्वार्थता, तगमगणाऱ्या माणसाची कल्पकता, नेमस्ताची अचूकता आणि हावऱ्याची हाव, असे चार स्वभाव एका हालचालीत ओवले गेले होते.

१३ एप्रिल १९५७ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये या रचनेची कसोटी लागली. अंतिम मालिकेचा सातवा सामना, समोर सेंट लुइस. संघातील दोन अनुभवी पुरुष, कूझी आणि शारमन, त्या दिवशी सपशेल अपयशी ठरले. दोघांनी मिळून ४० फेकी केल्या. त्यांतील अवघ्या ५ पडल्या. एखादा दुसरा संघ एवढ्याने कोसळला असता. परंतु हाइनसन आणि रसेल हे दोघे पहिल्याच हंगामातले नवखे उभे राहिले. हाइनसनने ३७ गुण केले, रसेलने फळीवरून उसळलेले ३२ चेंडू ताब्यात घेतले. सामना बरोबरीत सुटून वाढीव वेळ द्यावा लागला, तोही पुरला नाही म्हणून दुसऱ्यांदा द्यावा लागला. अखेरीस फ्रँक रॅमझीने मोक्याचे गुण मिळवले आणि शेवटचा गुण लॉस्कटॉफच्या फ्री थ्रोने झाला. बॉस्टनने १२५ विरुद्ध १२३ असा विजय मिळवला. सर्व खेळाडू एकाच प्रकृतीचे असते, तर ते बहुधा एकाच वेळी खचले असते. भिन्न प्रकृतींचा लाभ हा, की त्या सर्व एकदम अपयशी ठरत नाहीत.

या माणसांना आवरबॅकने एकत्र कसे ठेवले, हा प्रश्न साहजिक आहे. त्याच्याकडे डावपेचांचे भांडार नव्हते; संघाचे ठरीव डाव मोजून सातच होते आणि ते सर्व प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक होते. त्याचे कौशल्य माणसे हाताळण्यात होते. सर्वांना समान वागवणे म्हणजे न्याय, असे त्याने कधी मानले नाही. कूझी आणि रसेल यांना चारचौघांत बोललेले सोसणार नाही, हे जाणून तो त्यांना टाकून बोलत नसे. परंतु संघाला धाक तर हवाच. म्हणून कोणाचीही चूक असली तरी आवरबॅकचा आवाज हाइनसन आणि लॉस्कटॉफ यांच्यावर चढे. हाइनसन ते जाणून होता. त्याने एकदा त्याची परतफेड म्हणून आवरबॅकला फटाका भरलेली सिगार दिली! वेतनाच्या बोलण्यात गुणसंख्येचा विषय निघणार नाही, असे आवरबॅकने रसेलला आरंभीच सांगून टाकले होते. हे धोरण इतरांच्या बाबतीतही राहिले, आणि अकरा अजिंक्यपदांच्या त्या काळात सर्वाधिक सरासरी गुणांचा मान सेल्टिक्सच्या एकाही खेळाडूने मिळवला नाही. त्याच काळात विल्ट चेंबरलेन या महाकाय खेळाडूने १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे ५० हून अधिक गुणांची सरासरी राखली आणि २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात १०० गुण केले. त्या वर्षीचे अजिंक्यपद मात्र बॉस्टननेच मिळवले.

पुढे आलेल्यांचीही हीच गोष्ट. के. सी. जोन्स हा रसेलचा महाविद्यालयातील सोबती. फेकीत सामान्य, परंतु प्रतिस्पर्ध्याच्या सावलीसारखा वावरणारा. सॅम जोन्स हा फळीवर चेंडू आपटून तो अचूक टोपलीत उतरवणारा कलावंत. १९६२ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात, दोन सेकंद उरले असताना त्याच्याच फेकीने संघ तरला. ‘तू रोज असा का खेळत नाहीस?’ असे रसेलने त्याला एकदा विचारले. तेव्हा रोजची ती जबाबदारी आपल्याला नको, असे त्याने सरळ सांगून टाकले. रसेलनेही ते मान्य केले. रॅमझी हा पहिल्या पाचांत घेण्याच्या योग्यतेचा असूनही आरंभी बाहेर बसे. सामन्याचा रंग न्याहाळून मग तो उतरे आणि थकलेल्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडे. बाकावर बसणे हा अपमान न राहता ते एक मानाचे पद झाले, आणि १९६२ साली आलेल्या जॉन हॅव्लिचेक या न थकणाऱ्या तरुणाने त्याचा वारसा चालवला. १५ एप्रिल १९६५ रोजी, बॉस्टन एका गुणाने पुढे आणि पाच सेकंद शिल्लक असताना, रसेलच्या हातून चेंडू गेला. हॅव्लिचेकने प्रतिपक्षाची फेक हाताने वळवून संघाला वाचवले. ज्याच्यावर सर्वांची भिस्त, त्याची चूकही दुसऱ्याने सावरावी, असा हा संघ होता.

येथपर्यंतची कथा ऐकावयास गोड आहे. परंतु क्रीडांगणाच्या चार रेषांबाहेर एक निराळे जग होते. १९५० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत नॉर्थ कॅरोलिनातील रॉली येथे चक कूपरला हॉटेलात जागा नाकारण्यात आली, तेव्हा कूझी त्याच्यासोबत मध्यरात्रीच्या गाडीने परतला होता. त्या स्थानकावर गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळाल्या मुताऱ्यांच्या पाट्या पाहून आपण गोरे आहोत याची त्याला लाज वाटली. ही समबुद्धी त्याच्या अंगी होतीच. तथापि ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतील लेक्झिंग्टन येथे प्रदर्शनीय सामना होता. त्याचे आकर्षण म्हणजे त्या राज्यातील विद्यापीठात नाव काढलेले रॅमझी आणि हेगन. हॉटेलच्या उपाहारगृहात सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स यांना खाद्यपेय नाकारण्यात आले. रसेलने ठरवले की खेळावयाचे नाही. आवरबॅकने समजूत घालून पाहिली. अखेर त्यानेच त्यांना विमानतळावर पोचवले. सेल्टिक्सचे पाचही कृष्णवर्णीय खेळाडू परतले, हॉक्सच्या दोघांनीही सामना सोडला. गोऱ्या खेळाडूंनी मात्र तो सामना खेळला.

त्या संध्याकाळी कोणी दुष्टपणा केला असे नव्हे. तिकिटे विकली गेली होती, ठरलेला कार्यक्रम होता, आणि स्वभावभेद सांभाळण्यात तरबेज असलेल्या त्या संघाला या प्रसंगासाठी ठरलेला डाव ठाऊक नव्हता. रसेलचा अभिमान क्रीडांगणावर संघाचे बळ होता. बाहेर तोच अभिमान त्याला एकट्याने वाहावा लागला. बॉस्टनजवळच्या रेडिंग गावी त्याचे घर फोडून ते विटंबनेने भरून टाकण्यात आले. ज्या नगराला त्याने अजिंक्यपदांची माळ घातली, तेथील प्रेक्षागृह कित्येक सामन्यांना पुरते भरतही नसे.

एप्रिल १९६६ मध्ये आवरबॅकने निवृत्त होताना रसेलची प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक खेळांत आधुनिक काळात असा अधिकार मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. गोऱ्या खेळाडूंशी तुम्ही निःपक्षपाती राहाल काय, असा प्रश्न एका वार्ताहराने त्याला विचारला. हा प्रश्न त्यापूर्वी कोणत्याही गोऱ्या प्रशिक्षकाला उलट बाजूने विचारल्याचे प्रसिद्ध नाही! रसेल शांतपणे ‘होय’ म्हणाला. स्वतः खेळत असताना संघ चालवून त्याने १९६८ आणि १९६९ ची अजिंक्यपदे मिळवली. त्यातले शेवटचे ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, १०८ विरुद्ध १०६ असे. यजमान लेकर्सने आपल्या विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते. ते तसेच राहिले. त्यानंतर रसेल निवृत्त झाला. १९७२ साली त्याच्या सहा क्रमांकाचा पोशाख बॉस्टन गार्डनच्या छताशी चढवला गेला, तेव्हा प्रेक्षकांसाठी दारे उघडण्यापूर्वी, केवळ जुन्या सोबत्यांच्या समक्ष तो समारंभ उरकावा, अशी त्याची अट होती. सोबती त्याचे होते. नगराविषयी त्याची तशी खात्री नव्हती.

या संघातील किती निरनिराळी माणसे पुढे यशस्वी प्रशिक्षक झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नेमस्त शारमनने १९७२ मध्ये, गुणलोभी म्हणून हिणवल्या गेलेल्या हाइनसनने १९७४ आणि १९७६ मध्ये, अबोल के. सी. जोन्सने १९८४ आणि १९८६ मध्ये आपापल्या संघांना अजिंक्य केले. नेतृत्वाला एकच विशिष्ट प्रकृती लागते, हा समज त्यांनी कृतीने खोडून काढला.

कूझीच्या मनात मात्र एक शल्य राहिले. आपल्या शेजारी उभा असलेला माणूस काय भोगत होता, ते आपण त्याला कधी विचारले नाही, याची खंत वय वाढले तशी वाढत गेली. २०१६ च्या सुमारास, वयाची ८५ वर्षे उलटून गेल्यावर, त्याने रसेलला पत्र लिहून ती बोलून दाखवली. उत्तर बराच काळ आले नाही. मग एके दिवशी रसेलचा दूरध्वनी आला. ३१ जुलै २०२२ रोजी रसेल निवर्तला, आणि त्याच वर्षी एन. बी. ए. च्या सर्वच संघांनी त्याचा सहा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला.

भिन्न प्रकृतींची माणसे एका कामात गुंफणे शक्य आहे, एवढेच नव्हे तर तेच बलाचे मूळ आहे, हे बॉस्टनच्या या संघाने तेरा वर्षे सिद्ध करून दाखवले. परंतु सोबत्याच्या स्वभावाचा उपयोग करून घेणे निराळे आणि त्याचे दुःख जाणून घेणे निराळे. पहिले काम कुशल प्रशिक्षक करू शकतो. दुसरे ज्याचे त्यानेच करावयाचे असते, आणि त्याला चोवीस सेकंदांची मर्यादा नसली, तरी आयुष्याची असते.